आयोगाच्या फाटकाबाहेरचा ‘फॉर्मवाला’ आणि माझे १२,३२५ रुपये

जिल्हा ग्राहक आयोगात करायची तक्रार होती टूर कंपनीविरुद्ध. लडाखच्या सहलीचे ८४,५०० रुपये घेतले, मे २०२२ मध्ये सहल रद्द केली आणि पैसे दाबून बसले. त्यांच्या “पुढच्या सीझनला ॲडजस्ट करू”च्या ईमेलमध्ये आणि माझ्या बायपासमध्ये मुदत टळली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ तक्रारीला दोन वर्षं देतं. उशीर झाला की तक्रारीला विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. वकिलाने २५,००० सांगितले. साडेचौऱ्याऐंशी हजार सोडवायला पंचवीस हजार कोण घालणार? आयोगापुढे ग्राहक स्वतः उभा राहू शकतो, हे मला माहीत होतं. अडलं होतं फक्त मसुद्यापाशी.

झेरॉक्सवाल्याने बोट दाखवलं. “ते भाऊ देतात करून. सगळे त्यांच्याकडेच येतात.” टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, शेजारी काळ्या कोटांची ये-जा. अशा जागी बसलेल्या माणसावर संशय घ्यावा असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

त्याने घेतलेले पैसे असे. टायपिंग २,५००. ‘कोर्ट फी’ ६,७२५, म्हणजे नुकसानभरपाईसह १,३४,५०० च्या मागणीवर पाच टक्के. पाचशेचे दोन स्टॅम्प पेपर, १,०००. नोटरी आणि तिकिटं ६००. आणि “आत नंबर लवकर लागावा म्हणून” १,५००. एकूण १२,३२५. कोर्ट फी फोनवरून त्याच्या खासगी नंबरवर, बाकी रोख.

यातली कोर्ट फी शुद्ध थाप होती. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क शून्य आहे. शून्य! तेही मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही प्रत्यक्ष मोजलेल्या रकमेवर ठरतं. पाच ते दहा लाखांलासुद्धा दोनशेच रुपये. आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात १ जुलै २००४ च्या शासन आदेशापासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. हे आयोगाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला काय हरकत आहे? तिथे काय लावलंय, तर ‘शांतता राखा’.

आता ज्या गोष्टीने रात्री झोप उडते ती सांगतो. सही करण्याआधी मी अर्ज वाचला. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य गेलेला माणूस, कागद न वाचता सही करत नाही. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: “अर्जदार ही बाळंतपणासाठी माहेरी गेली असल्याने तक्रार मुदतीत दाखल करू शकली नाही.” मी एकसष्ट वर्षांचा, मिशीवाला. त्याला दाखवलं तर हसला. “काका, ते फॉरमॅट असतं. साहेब शेवटची ओळ बघतात.” व्हाइटनर लावला, वर पेनने ‘आजारपणामुळे’ खरडलं, आणि मी सही केली. माझ्या पिशवीत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं, कंपनीचे तारीखवार ईमेल होते. विलंबाचा दिवसन् दिवस पटवून द्यावा लागतो आणि ते पटवणारे कागद माझ्याजवळ होते. त्यातला एकही त्याने मागितला नाही. पण छाती नुकतीच शिवलेली, बाहेर ऊन, मागे रांग. तिथून उठून भांडायचं त्राण कोणात असतं?

आठवड्याने त्याने गोल शिक्क्याची पोचपावती आणि केस नंबर दिला. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर टाकला तर निघाली भलत्याच कोणाची विम्याची केस. ऑनलाइन दाखल झालं असतं तर नोंदणीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर आला असता. तो का आला नाही विचारलं होतं, तर म्हणाला, “ज्येष्ठांचं ऑफलाइन होतं.” फोन त्यानंतर बंद.

पुढे सुरू झाली खरी वरात. आयोगाचा लिपिक म्हणाला, “शिक्का आमचा नाही, फाटकाबाहेरचं आम्ही बघत नाही.” शिक्का तुमच्या नावाचा, तुम्ही नाही बघायचा तर कोणी? वकील संघटनेत गेलो, “तो आमचा सदस्य नाही.” पोलीस ठाण्यात हवालदार विचारतो, “पैसे स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग हे दिवाणी.” खोटा शिक्का दिवाणी? साहेब बंदोबस्ताला, नंतर या. नंतर गेलो तर तो हवालदार बदलून गेलेला, नवीन म्हणतो पहिल्यापासून सांगा. एकाने तर “तुम्ही सुशिक्षित दिसता” असंही ऐकवलं. फसवणारा फाटकाबाहेर पंख्याखाली बसलेला आणि मी प्रत्येक टेबलापुढे आरोपीसारखा उभा.

तर ऐका. फी खासगी नंबरवर मागितली की तिथूनच उठा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, मी पाठवली आहे. फोनवरून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा, ‘नंतर बघू’ करू नका. मसुदा जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा काही गटांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना राज्यात तीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, फोन १५१००. माझं पेन्शन त्यात बसत नाही, ते वेगळं. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते, त्यातल्या खोट्याला तुम्ही जबाबदार, टायपिंगवाला नाही.

तक्रार आता मी स्वतः भरली आहे, साध्या कागदावर, शून्य शुल्कात. पण त्याच्या थापेत गेलेले महिनेही आता मलाच विलंबात समजवावे लागणार, आणि टूर कंपनीच्या वकिलाने त्यावर आधीच हरकत घेतली आहे. तो माणूस मध्यंतरी भेटला, “दुरुस्तीसाठी” जुना अर्ज परत मागत होता. असले कागद कधीच परत देऊ नका. व्हाइटनर लावलेलं पान पोलीस अधीक्षकांच्या तक्रारीला जोडलं आहे, मूळ प्रत माझ्या कपाटात आहे.