पणजोबांचे मोडी कागद वाचून घेतले (सदाशिव पेठ)

आमचे पणजोबा ११०व्या मराठा पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकले, २९ एप्रिल १९१६ला ब्रिटिश फौजेने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेले. सुटून आल्यावर जुन्नरकडे भातशेती केली, एवढंच घरात माहीत होतं. बाकी सगळं ट्रंकेतल्या मोडी कागदांत.

सदाशिव पेठेत मोडी वाचून देणाऱ्या सरांकडे ते नेले. मोडीत दोन शब्दांत जागाच सोडलेली नसते, पण सर शिरोरेषेवर बोट ठेवून शब्द सुटे करत गेले. एका गहाणखतात बांध, ओढा, आंब्याचं झाड अशी चतुःसीमा निघाली आणि रक्कम कशासाठी तर ‘बैलजोडीकरिता’. खाली पणजोबांचा अंगठा नाही, सही! पलटणीत शिकले असणार, असं मला वाटतं. ती सही बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

लिप्यंतर टाईप करून मिळतं, शकाचं इसवी सनही लिहून देतात. न लागलेला शब्द अंदाजाने भरत नाहीत, कोरा सोडतात. हे मला फार पटलं. उशीर मात्र होतो. फोटो पाठवू नका, मूळ कागदच न्या.