द्राक्षबागेत मायक्रोपायथन: गोडी छाटणी ते खरड छाटणी

सी++ की मायक्रोपायथन (छोट्या चिपवर चालणारी पायथन भाषा), या वादात लोक जेवढा वेळ घालवतात तेवढा बोर्डावरचा लाल दिवा उपटण्यात घातला तर बॅटरी जास्त दिवस चालते. दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत अख्खा हंगाम ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचे नोड (सेन्सर लावलेले छोटे बोर्ड) मायक्रोपायथनवर चालवून काढलेलं हे मत आहे.

काम साधं. मांडवाखालचं तापमान, आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं आणि ठिबकच्या नळीखाली ओल किती, हे दर १५ मिनिटांनी मोजायचं आणि मोटरच्या खोलीतल्या राउटरवरून घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, म्हणजे घरच्या सर्व्हरवर, पाठवायचं. डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी हवामानाच्या सरसकट अंदाजावर घेण्यापेक्षा पानावर प्रत्यक्ष पाणी किती वेळ टिकलं ते बघून घ्यावी, एवढाच हेतू.

आधी बॅटरीचा हिशोब. १५ मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला ९६ वेळा जाग. मायक्रोपायथनमध्ये बूट, वायफाय जोडणी आणि पाठवणं धरून साधारण ५ सेकंद लागतात, सरासरी १२० मिलिअँपिअर. दिवसाचे १६ मिलिअँपिअर-तास (एमएएच) झाले. तेच सी++ मध्ये ठरलेला आयपी पत्ता देऊन २ सेकंदांत उरकलं तर साडेसहा. फरक दहाएक एमएएचचा. आता साधा डेव्हलपमेंट बोर्ड बघा. चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते हे खरं, पण बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि पॉवरचा दिवा मिळून सहज १० मिलिअँपिअर खातात. दिवसाला २४० एमएएच! २५०० एमएएचचा सेल दहा दिवसांत झोपतो आणि दोष पायथनला मिळतो.

उपाय दोन. एक, बॅटरीवर चालवण्यासाठीच बनवलेला बोर्ड घ्या. दोन, दिवा आणि रेग्युलेटर काढून लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल थेट ३.३ च्या पिनेला जोडा. या चिपला ३.० ते ३.६ व्होल्ट चालतात, त्यामुळे हा सेल तिला नेमका बसतो. मात्र त्याला टीपी४०५६ या चार्जरवर चार्ज करू नका. तो ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, या सेलची मर्यादा ३.६ आहे. टीपी५००० घ्या आणि तो ३.६ वर लावलेला आहे ना, हे मीटरने तपासूनच सेल जोडा. ३.३ आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. वायफाय सुरू होताना करंटचा झटका बसतो, तो सेलला आणि बारीक वायरींना झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि चिप पुन्हापुन्हा रिसेट होते. लॅपटॉपला जोडल्यावर सगळं नीट आणि बागेत नेल्यावर बंद, असं झालं की आधी इथेच बघायचं.

दुसरी खोड शेतीच्या विजेची. लाइट गेली की राउटर बंद. नेटवर सापडणारा नेहमीचा नमुना कोड ‘जोडणी होईपर्यंत थांब’ असा असतो. राउटर रात्रभर बंद असेल तर नोड रात्रभर शंभर मिलिअँपिअर जाळत थांबतो आणि सकाळी सेल जवळपास निम्मा रिकामा. १० सेकंदांची मर्यादा घाला. जोडणी नाही झाली तर नोंद आरटीसीच्या (चिपमधल्या घड्याळाच्या, झोपेतही टिकणाऱ्या) मेमरीत टाकून झोपायचं. मायक्रोपायथनमध्ये ही जागा २०४८ बाइट मिळते. तापमान आणि आर्द्रता दहापट करून पूर्णांकात ठेवली, वेळेसाठी ४ बाइट धरले, तर ८ बाइटच्या नोंदीने २५६ नोंदी मावतात, म्हणजे ६४ तास. जेसन, म्हणजे नावांसकट मजकुराच्या रूपात, लिहीत बसलात तर दिवसभराच्याही मावणार नाहीत. सेल काढला की ही मेमरी पुसली जाते, हे ध्यानात असू द्या.

वेळेचाही घोळ आहे. मायक्रोपायथन ईएसपी३२ वर १ जानेवारी २००० पासून सेकंद मोजतं, घरचा सर्व्हर १९७० पासून. ९४६६८४८०० मिळवले नाहीत तर सगळ्या नोंदी ३० वर्षं मागे जातात. नेटवरून येणारी वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि मायक्रोपायथनला टाइमझोन ठाऊक नाही. नोंदी यूटीसीतच ठेवाव्यात आणि दाखवताना १९८०० सेकंद मिळवावेत. शिवाय झोपेतलं आतलं घड्याळ तापमानाप्रमाणे सरकतं, त्यामुळे थंडीच्या पहाटे आणि दुपारच्या उन्हात १५ मिनिटं सारखी नसतात. जोडणी मिळेल तेव्हा दिवसातून एकदा तरी वेळ जुळवून घ्यावी.

भाषा म्हणून मायक्रोपायथन मला आवडली, कारण बागेत कोड सारखा बदलावा लागतो. सेन्सर बदलला, मर्यादा बदलली, लॅपटॉप जोडला, फाइल टाकली, झालं. सी++ मध्ये तेवढ्यासाठी सगळं पुन्हा कंपाइल करायचं. एक युक्ती मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. नोड जागा होऊन लगेच झोपत असेल तर यूएसबीवरून त्याला पकडताच येत नाही. एखादी पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर झोपायचं नाही, अशी अट सुरुवातीलाच घाला. त्यासाठी १२ नंबरची पिन घेऊ नका, ती बूट होताना वर ओढली गेली तर फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज चुकतं आणि बोर्ड उठतच नाही. मायक्रोपायथनचं फर्मवेअर बोर्डात टाकतानाचा मेमरीतला पत्ताही बघून घ्या: मूळ ईएसपी३२ ला ०x१०००, त्याच्या सी३ आणि एस३ या प्रकारांना ०. चुकला तर टाकताना सगळं ठीक दिसतं, बोर्ड मात्र मुका.

ही भाषा कमी पडते ती मेमरीच्या बाबतीत. चिपमध्ये ५२० केबी रॅम असली तरी वायफाय आणि पायथन मिळून बरीच गिळतात. नोडवरूनच थेट टेलिग्रामला संदेश पाठवायला गेलं की सुरक्षित जोडणीसाठी चाळीसएक केबी लागतात, त्यातले काही तुकडे मोठे आणि सलग. मेमरी तुकड्यातुकड्यांत मोकळी असेल तर कोड तिथेच कोसळतो, तोही कधीतरीच, म्हणून दोष सापडत नाही. नोडने फक्त एमक्यूटीटीवर (छोटे संदेश पाठवायच्या हलक्या पद्धतीने) घरच्या सर्व्हरला आकडे द्यावेत, टेलिग्राम वगैरे सर्व्हरने बघावं. वॉचडॉग, म्हणजे कोड अडकला तर चिप आपोआप रिसेट करणारा टायमर, लावाच. एआयकडून कोड लिहून घेणाऱ्यांना एक सूचना: तो बिनदिक्कत डेस्कटॉपच्या पायथनची लायब्ररी घालतो, जी इथे नसतेच. मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेचा आग्रह धरणाऱ्या मित्रांचं म्हणणं तत्त्वतः पटतं, पण इथे कमी पडणारी गोष्ट मेमरीची सुरक्षितता नसून पाण्यापासूनची सुरक्षितता असते.

कारण हार्डवेअरचा खरा शत्रू दव आणि फवारणी. डीएचटी२२ हा आर्द्रतेचा सेन्सर पहाटेच्या दवात १०० टक्क्यांवर अडकतो आणि दुपारपर्यंत उतरत नाही. एसएचटी३१ घ्या, महाग आहे पण त्यात छोटा हीटर असतो, तो चालवून ओल उडवता येते. गंधकाच्या आणि बोर्डोच्या फवारणीचा थर त्याच्या तोंडावर बसतो, म्हणून ब्लोअर फिरायच्या आधी वरून पिशवी घालायची आणि नंतर आठवणीने काढायची. पांढऱ्या बशांची उतरंड करून त्यात सेन्सर ठेवला नाही तर ऊन लागून तापमान चार-पाच अंशांनी चढं दिसतं.

जमिनीतल्या ओलीचे स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर कडेने उघडे असतात, तिथून पाणी आत शिरतं. कडांना आणि वरच्या भागाला इपॉक्सी लावा. काहींवर टीएलसी५५५ ऐवजी एनई५५५ चिप बसवलेली असते. तिला साडेचार व्होल्ट लागतात, ३.३ वर ती वाटेल ते आकडे देते. विकत घेताना भिंगातून चिपवरचं नाव वाचा. तार ३२ ते ३९ मधल्याच पिनेवर घ्या, बाकीच्या अॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. पानाच्या ओलाव्याच्या पट्टीला सतत करंट दिला तर तांबं खाल्लं जातं. वाचण्यापुरता काही मिलिसेकंद एका पिनेतून द्यावा.

वायफायची गंमत बागवाल्यांनाच कळेल. छाटणीनंतर ओलांडे (वेलीच्या मुख्य फांद्या) उघडे असताना मोटरच्या खोलीपासून लांबवर सिग्नल झकास येतो आणि माणूस खुशीत सगळे नोड लावून टाकतो. दीड महिन्यात मांडव भरला की पानातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं आणि टोकाचे नोड गायब. अँटेना मांडवाच्या वर काढावी, नाहीतर लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) घ्यावं. लोरा घेताना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचं घ्या. बाजारात स्वस्त मिळणारं एसएक्स१२७८ चं मॉड्यूल ४३३ चं असतं. सिमकार्डाचं एसआयएम८००एल मॉड्यूल घेणाऱ्यांनो, ते फक्त २जी वर चालतं, जिओचं सिम त्यात निरुपयोगी.

स्वदेशी चिपच्या बातम्या ऐकून पुष्कळ जण विचारतात, यात भारतीय काही बसेल का? सी-डॅकच्या वेगा प्रोसेसरवरचा एरीज बोर्ड आणि आयआयटी मद्रासचा शक्ती ही कामं खरी आहेत, दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेवर. पण एरीजवरच्या तेजस३२ चिपमध्ये रेडिओ नाही, वायफाय वेगळं जोडावं लागतं, म्हणजे बॅटरीवर आणखी एक खाणारं तोंड. ईएसपी३२-सी३ ही शांघायच्या कंपनीची चिपही रिस्क-फाइव्हच आहे आणि काहीशे रुपयांच्या बोर्डावर रेडिओसकट येते. शेतकऱ्याने देशप्रेमापोटी दुप्पट सोल्डरिंग करावं, असं मी सांगणार नाही.

पुढच्या गोडी छाटणीला टोकाचे नोड लोरावर आणि सी++ मध्ये जातील, कारण तिथे एकदा लावल्यावर कोडला हात लावायचा नसतो. राउटरजवळचे मायक्रोपायथनवरच राहतील. पावसाळ्यात सगळे उतरवून सेल काढून ठेवायचे आणि कनेक्टरचे हिरवे पडलेले टोक कापून नवे बसवायचे.