एअर रायफलवर स्कोप की पीप? फोंड्याचा पावसाळा धरून वापरल्यानंतर

दिवाळीच्या सुमारास घेतलेली स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची एअर रायफल आता चवथ उलटून गेली तरी रोजच्या वापरात आहे. मधल्या काळात तिच्यावर नेम धरायच्या तीन तऱ्हेच्या साईट चढल्या: कंपनीची मूळ उघडी साईट, मग स्कोप म्हणजे दुर्बीण, शेवटी पीप, म्हणजे बारीक भोकातून बघायची साईट. निकाल आधीच सांगून टाकतो. १० मीटरवर कागदी टार्गेट मारायचं असेल तर पीप घ्या. आणि चांगला जमणारा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छर्र्यांचा पुंजका) अचानक पसरायला लागला, तर साईटला हात लावण्याआधी अ‍ॅलन की, म्हणजे स्क्रू आवळायचा षटकोनी पाना, शोधा.

रायफल दिसली की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "माकडांक मारपाक हाडली रे?" नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमी किंवा त्याहून कमी बोअरच्या (नळीच्या भोकाच्या) आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण म्हणून रानातल्या पक्ष्या-जनावरांवर ती चालवायला मोकळीक मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा शिकार कशाने केली हे बघत नाही. आमची रायफल पडवीत चालते. मागे चिऱ्यांची भिंत आहे, पण भिंतीच्या भरवशावर राहू नका. छर्रा उलटा येतो. छर्रे अडवायला टार्गेटमागे लोखंडी पत्र्याचा तिरका ट्रॅप हवा आणि डोळ्यांना चष्मा हवाच, बघायला उभा राहिलेल्या माणसालासुद्धा.

आता उघडी साईट. मागे खाच, पुढे माशी, काळ्या वर्तुळाला खालून टेकवून नेम धरायचा. माझी मुलगी नववीत आहे, तिला काहीच अडचण आली नाही. मला चाळिशी लागलेली. मागची खाच धुरकट, माशी बरी, टार्गेट पुन्हा धुरकट. नजर माशीवर ठेवायची हे कळतं, पण खाचेच्या कडाच दिसत नसतील तर माशी तिच्या मध्यावर आहे की नाही हे कशावरून ठरवणार? शिवाय आमच्या पडवीत उजेड एकाच बाजूने, माडांकडून येतो. माशीची तेवढीच कड चमकते, डोळा त्या चमकत्या कडेलाच मध्य समजतो आणि छर्रा उजेडाच्या विरुद्ध बाजूला जातो. सकाळचा ग्रुप आणि संध्याकाळचा ग्रुप वेगळ्या जागी पडतात ते यामुळे. माशी धातूची असेल तर तिच्यावर काजळी धरणे हा जुना उपाय आहे, आणि तो चालतो. माशी काढून समईच्या ज्योतीवर क्षणभर धरली की पुरे. प्लास्टिकची, हिरव्या-लाल ठिपक्याची माशी असेल तर हे करू नका, वितळेल.

स्कोपचा मोह सगळ्यांनाच होतो. दुकानदारही तोच पुढे करतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात.

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्ही बाजूंनी बसतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे हिसका खाते. बारूदाच्या रायफलीसाठी बनवलेला साधा स्कोप मागच्या धक्क्याला तयार असतो, पुढच्या हिसक्याला नसतो. आतली क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची बारीक फुली, ढिली होते किंवा तुटते. म्हणून खोक्यावर 'एअरगन'साठी असा स्पष्ट उल्लेख असेल तरच घ्या. दुसरी गोष्ट पॅरलॅक्सची. बरेचसे स्कोप कारखान्यातून १०० यार्डांना जुळवून येतात. १० मीटरवर टार्गेट अंधूक दिसतं आणि डोकं जरा हललं तर क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकते. पुढची काच फिरवून १० मीटरपर्यंत फोकस आणता येतो असाच स्कोप लागतो.

तिसरी भानगड सहसा कोणी सांगत नाही. नळी मोडणाऱ्या रायफलींत नळी बऱ्याचदा स्कोपच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. छर्रे खाली पडतात म्हणून आपण वरचा नॉब फिरवत राहतो, फिरवत राहतो, आणि तो शेवटाला टेकतो. तिथे आतल्या स्प्रिंगचा ताण संपलेला असतो, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला क्रॉसहेअर वेगळ्या जागी बसते. लोक म्हणतात स्कोप खराब आहे. स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगमध्ये स्कोपखाली फोटोच्या जुन्या निगेटिव्हचा एक तुकडा घाला, नॉब परत मध्याकडे आणा, आणि मग बघा. आमच्या स्कोपचा हा आजार तिथेच बरा झाला. नंतर माउंट (स्कोप बसवायची पकड) रायफलीवरच्या खाचांच्या रेलवरून मागे सरकायला लागला. तो सरकतोय हे कळायला रेल आणि माउंटवर मिळून नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. रेघ तुटली म्हणजे माउंट हलला. सरकणं अडवणारी स्टॉप-पिन असलेला माउंट घेतल्यावर तेही थांबलं.

एवढं करून जुलैत लेन्सच्या आतल्या बाजूला जाळीसारखी बुरशी आली. विकणाऱ्याने हात वर केले: ओलावा वॉरंटीत बसत नाही म्हणे. गोव्यात दुकान थाटून ओलावा वॉरंटीत नाही! असो.

पीपमध्ये भिंगच नाही, त्यामुळे बुरशी धरायला जागा नाही. मागे बारीक भोक, पुढे गोल रिंग, रिंगच्या आत टार्गेटचं काळं वर्तुळ. भोक बारीक असल्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, चाळिशीवाल्यांना हे वरदान आहे. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी व्यासाचा आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तो ठिपका बघायचाच नसतो. काळ्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की चाप ओढायचा. पुढची रिंग घट्ट घेऊ नका. काळ्याला चिकटणारी रिंग नेमकी वाटते, पण डोळा थकतो आणि कड कुठे संपते ते कळेनासं होतं. आम्ही एक माप मोठी घातली आणि मुलीचे फ्लायर, म्हणजे ग्रुपबाहेर भरकटणारे छर्रे, लगेच कमी झाले. पावसाळी अंधारात मागचं भोक मोठं करता येईल असं आयरिस मिळालं तर थोडे जास्त पैसे द्या.

मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर हे आधी विचारून घ्या: आपल्याकडे ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात, आणि १० मीटर एअर रायफलला स्कोप कुठेच चालत नाही. साईट घेण्याआधी गट ठरवा.

झिरो करताना, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवताना, मागची साईट छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच हलवायची, माशी उलट दिशेला. टार्गेटवर एका गुणाचं अंतर अडीच मिलिमीटर. पाव मिनिटाच्या (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) स्कोपच्या नॉबचा एक क्लिक १० मीटरवर जेमतेम पाऊण मिमी सरकतो, म्हणजे एका गुणासाठी तीन-चार क्लिक. एका छर्र्यावरून क्लिक फिरवू नका, पाच मारा आणि ग्रुपचा मध्य धरा.

आता बिघाड. ग्रुप घट्ट आहे पण जागा बदलली, तर उजेड बघा, मग साईट. ग्रुपच पसरला, तर दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या थरथरीने ते सुटतातच, आमचा पुढचा स्क्रू पावसात लाकूड फुगल्या-आटल्यामुळे वारंवार ढिला होई. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू न देणारा चिकट द्रव) लावलं. लालच्या वाटेला जाऊ नका, मग स्क्रू उघडायला गरम करावा लागतो. छर्रे उभ्या रेषेत पडायला लागले तर वेग कमीजास्त होतोय असं समजा. नळी बंद करून जोडावर टिश्यूची पट्टी ठेवा आणि ट्रॅपवर छर्रा मारा. पट्टी फडफडली तर ब्रीच सील, म्हणजे त्या जोडातून हवा अडवणारी चकती, गेलंय. सील स्वस्त असतं, घरी बदलता येतं. छर्रे चपट्या डोक्याचे, एकाच डब्यातले वापरा. पावसात उघडे ठेवलेल्या छर्र्यांवर पांढरी भुकटी येते, ते टाकून द्या. शिशाचा मामला आहे, हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये.

तेल बाहेरून पुसायचं, नळीमागच्या हवेच्या भोकात घालायचं नाही. आत गेलेलं तेल दाबाने पेटतं, मोठा बार होतो, धूर येतो, लोकांना वाटतं रायफल जोरात आली. सील जळतं आणि स्प्रिंगची वाट लागते. छर्रा न घालता चाप ओढणंही तितकंच वाईट.

ठेवायला फोमची पेटी मिळाली होती, तिच्यात पाणी धरून राहतं. जूनमध्येच नळीवर तांबूस ठिपके दिसायला लागले. आता घामाचा हात लागला की तेलाचं फडकं फिरवून रायफल कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, छर्रे वेगळ्या कुलपात. पुड्या तव्यावर मंद गरम करून परत वापरतो.

स्कोप एकालाच घ्या म्हणेन: ज्याच्याकडे २५ मीटरची सुरक्षित जागा आहे, स्पर्धेचा विचार नाही, आणि रायफल स्प्रिंगची नसून भरलेल्या हवेवर चालणारी आहे. त्या रायफलींना असा हिसका नसतो, साधा स्कोपही टिकतो. बुरशीचं मात्र तुमचं तुम्ही बघा.