खालच्या दोन ओळी जागेवर ठेवणारा आवर्तसारणीचा चार्ट: सहा महिने वापरून झाल्यावर

आवर्तसारणीचे चार्ट मी आत्तापर्यंत चार घेतलेत आणि हा पाचवा. जरा सविस्तर लिहिते, कारण मी घ्यायच्या आधी रिव्ह्यू वाचले तेव्हा सगळीकडे कलर छान, पॅकिंग मस्त एवढंच होतं, चार्टवर नेमकं छापलंय काय हे कुणीच सांगत नव्हतं. मी मुलांना केमिस्ट्री शिकवते. माझ्या दृष्टीने चार्ट चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरतं: एखादं मूलद्रव्य त्याच घरात का बसलंय हे चार्टकडे बघून कळतं का? नुसती ११८ नावं आणि चिन्हं तर कुठेही मिळतात.

हा चार्ट ३२ स्तंभांचा आहे, आणि घ्यायचं मुख्य कारण तेच. नेहमीच्या चार्टमध्ये १८ गण, म्हणजे उभे स्तंभ, असतात आणि लॅन्थॅनाइड-ॲक्टिनाइडच्या दोन ओळी खाली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. दरवर्षी कुणीतरी विचारतंच की मॅडम ह्या दोन ओळी बाहेर का, आणि मी दरवर्षी सांगते की बाबा कागदाची रुंदी पुरत नाही म्हणून, दुसरं काही कारण नाही. पण डोळ्यांना जे दिसतं तेच डोक्यात राहतं, मुलांना त्या ओळी पुरवणीसारख्या वाटतात आणि मग त्या कुणी वाचतच नाही. ह्या चार्टमध्ये ५६ च्या शेजारी ५७, त्याच्या शेजारी ५८, सरळ. बोट १ वर ठेवा, ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला या, असं करत ११८ पर्यंत जा, मध्येच तळाला उडी मारावी लागत नाही. त्यामुळे चार्ट लांबच लांब झालाय, साधारण दीड मीटर रुंद आणि उंचीला कमी, म्हणजे आधी भिंत मोजून घ्या.

रंग फक्त चार वापरलेत, एस, पी, डी, एफ ह्या चार खंडांना एकेक, आणि हे मला फार आवडलं. (इलेक्ट्रॉन कवचांत राहतात, कवचांचे भाग म्हणजे उपकवचं, आणि शेवटचा इलेक्ट्रॉन कुठल्या प्रकारच्या उपकवचात जातो त्यावरून हे खंड पडतात.) माझ्या आधीच्या एका चार्टवर दहा रंग होते, अल्क धातू वेगळे, हॅलोजन वेगळे, निष्क्रिय वायू वेगळे, आणि मुलं रंग पाठ करत बसायची. इथे रुंदी मोजली की झालं. एस खंड २ घरं, पी ६, डी १०, एफ १४, आणि त्या त्या उपकवचात तेवढेच इलेक्ट्रॉन मावतात. बेरीज ३२, म्हणून ३२ स्तंभ. एकेका आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ मूलद्रव्यं असतात हे मी इतकी वर्षं पाठ करायला सांगत होते, आता मुलं स्वतः मोजून सांगतात. हेलियमचं तर फारच छान केलंय, जागा निऑनच्या वर पण रंग एस खंडाचा. कारण त्याचे दोनही इलेक्ट्रॉन एसमध्ये आहेत, पण कवच पूर्ण भरलंय म्हणून वागणं निष्क्रिय वायूसारखं. एका घरात दोन्ही गोष्टी सांगितल्या. हायड्रोजन लिथियमच्या वरच ठेवलाय पण थोडी फट सोडून, ते पण बरोबरच, तो काही अल्क धातू नाही.

आता हाफ्नियमबद्दल लिहिते. ह्या एका घरासाठी मी हा चार्ट परत घेईन.

गणात वरून खाली आलं की अणू मोठा होतो, एक कवच वाढतं ना, हे सगळ्यांना माहीत असतं. टायटॅनियमकडून झिर्कोनियमकडे आलं की अणू मोठा होतो, बरोबर. मग झिर्कोनियमखाली हाफ्नियम, अणुअंक ४० वरून थेट ७२, एक अख्खं कवच जास्त, तर तो आणखी मोठा हवा, पण दोघांचा आकार जवळजवळ सारखा! नेहमीच्या चार्टवर ह्याचं कारण दिसायची सोयच नाही, कारण मधली मंडळी खाली हलवलेली. इथे पाचव्या आवर्तात स्ट्रॉन्शियम आणि यिट्रियमच्या मध्ये १४ घरांची मोकळी जागा दिसते, आणि बरोबर तिच्या खाली, बेरियम आणि ल्युटेशियमच्या मध्ये, १४ मूलद्रव्यं ओळीने भरलेली. म्हणजे हाफ्नियमपर्यंत पोचताना वाटेत १४ प्रोटॉन जादाचे वाढलेत आणि त्यांच्यासोबत आलेले इलेक्ट्रॉन आतल्या एफ उपकवचात गेलेत, तिथून ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकू शकत नाहीत, म्हणून अणू एकेका घरागणिक थोडाथोडा आत ओढला जातो. ह्यालाच लॅन्थॅनाइड आकुंचन म्हणतात. हे मी फळ्यावर अर्धा तास समजावून सांगायचे आणि तरी चेहरे कोरे असायचे, ह्या चार्टसमोर उभं राहून पाच मिनिटांत झालं.

आणि ह्याचा परिणाम किती मोठा बघा. झिर्कोनियम १७८९ मध्ये माहीत झालं, पण त्याच्या खनिजात हाफ्नियम मिसळलेलं आहे हे कळायला १९२३ साल उजाडलं, कोपनहेगनमध्ये कॉस्टर आणि हेवेसी ह्यांनी क्ष-किरणांनी ते ओळखलं आणि शहराच्या लॅटिन नावावरून, हाफ्निया वरून, नाव दिलं. सव्वाशेहून जास्त वर्षं एक मूलद्रव्य दुसऱ्याच्या आड लपून राहिलं कारण आकार सारखा आणि रासायनिक वागणूकही सारखी. घनता मात्र दुप्पट, झिर्कोनियमची साधारण ६.५ आणि हाफ्नियमची १३.३, कारण आकार तोच आणि वस्तुमान जवळपास दुप्पट. अणुभट्टीत तर दोघं अगदी उलटे, झिर्कोनियम न्यूट्रॉन जाऊ देतं म्हणून इंधनाच्या नळ्यांना वापरतात आणि हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतं म्हणून नियंत्रक दांड्यांना, त्यामुळे नळ्यांसाठी दोघांना वेगळं करावंच लागतं आणि ते काम किचकट आहे.

तिसऱ्या गणात स्कँडियम, यिट्रियमच्या खाली ल्युटेशियम आणि लॉरेन्सियम ठेवलेत. तुमच्या जुन्या चार्टवर तिथे लॅन्थॅनम-ॲक्टिनियम असेल तर गोंधळू नका, हा खरंच चालू असलेला वाद आहे. आयुपॅक ह्या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या तात्पुरत्या अहवालात ल्युटेशियमच्या बाजूने कौल दिला. मला स्वतःला हेच पटतं, कारण लॅन्थॅनम तिथे ठेवलं तर ३२ स्तंभांत डी खंड तुटून त्याचे दोन तुकडे होतात.

इतिहासासाठी वेगळी जागा घेतली नाहीये, ती माहिती घरांवरच खुणांनी दिलीये. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती, आणि त्याने ज्यांच्यासाठी जागा रिकामी ठेवून गुणधर्म आधीच सांगितले त्यातल्या गॅलियम, स्कँडियम आणि जर्मेनियम ह्या तीन घरांना तुटक किनार आहे, खाली शोधाचं साल, १८७५, १८७९, १८८६. गॅलियमची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. बॉयबॉद्राँ ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते शोधलं आणि घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने ते न बघताच कळवलं की ५.९ च्या आसपास हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून मोजला तर खरंच ५.९ आली. ज्याच्या हातात धातू होता त्याच्यापेक्षा ज्याच्या हातात सारणी होती त्याचा आकडा बरोबर निघाला! मला अजूनही हे सांगताना अंगावर काटा येतो.

दुसरी खूण लाल ठिपक्याची, जिथे अणुवस्तुमानाचा क्रम उलटा होतो तिथे. टेल्युरियम १२७.६ आणि त्याच्या पुढे आयोडीन १२६.९. मेंडेलीव्हने गुणधर्म बघून आयोडीन हॅलोजनांत बसवलं ते बरोबरच होतं, पण त्याला वाटलं टेल्युरियमचं वजन मोजताना चूक झालीये, तशी चूक नव्हती. टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० हे जड समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) भरपूर असतात आणि निसर्गातलं आयोडीन सगळं १२७ चंच. क्रम वजनाचा नाही तर केंद्रकावरच्या प्रभाराचा हे मोझली ह्या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं आणि १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो गेला, वय फक्त २७. हे चार्टवर नाहीये, मी ठिपक्याशी पोचले की सांगते.

आता चुका. ठिपके अरगॉन-पोटॅशियम, कोबाल्ट-निकेल आणि टेल्युरियम-आयोडीन ह्या तीनच जोड्यांवर आहेत, पण थोरियम २३२.०४ आणि प्रोटॅक्टिनियम २३१.०४ ही चौथी जोडी सुटलीये, आणि ती माझ्या नाही, एका विद्यार्थिनीच्या लक्षात आली, मला इतका आनंद झाला त्या दिवशी. दुसरी चूक जास्त गंभीर आहे, क्रोमियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन, ३डीमध्ये ४ आणि ४एसमध्ये २ असं छापलंय, हवं ३डीमध्ये ५ आणि ४एसमध्ये १. तांब्याचं बरोबर छापलंय म्हणजे ही छपाईचीच चूक असणार, पण परीक्षेत हमखास विचारला जाणारा अपवाद नेमका चुकीचा छापावा हे वाईट झालं. मी कंपनीला कळवलं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू असं उत्तर आलं. तोपर्यंत मी कागदाची पट्टी चिकटवलीये. लॅमिनेशन फार चकचकीत आहे, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावला तर मधले स्तंभ दिसतच नाहीत, मी बाजूच्या भिंतीवर हलवला. आणि आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) कशी बदलते ह्याचा बाण दिलेला नाही, फक्त अणूच्या आकाराचा दिलाय, तो हवा होता.

पहिल्यांदाच चार्ट घेणाऱ्या घरात लहान मूल असेल तर मी १८ गणांचाच सुचवेन, पुस्तकात तोच असतो. कुठलाही घ्या, पण आधी ११३ नंबरचं घर झूम करून बघा. तिथे निहोनियम लिहिलेलं हवं. अनअनट्रायम असं काही असेल तर तो चार्ट २०१६ च्या आधीचा आहे, कारण ११३, ११५, ११७ आणि ११८ ची कायमची नावं त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ठरली. सातवं आवर्त शेवटपर्यंत नावांनिशी भरलंय का हे बघायला दहा सेकंद लागतात.

माझ्याकडून ५ पैकी ४, तो एक क्रोमियमचा गेला. ह्याच चार्टची टेबलावर ठेवायची छोटी साइज पण मिळते, ती घेऊ नका. ३२ स्तंभ तेवढ्या जागेत कोंबल्यावर अणुवस्तुमान भिंग लावूनच वाचावं लागतं.