थिनरच्या ड्रमवर काय लिहावे: सुरक्षा पत्रक करून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

भोसरी एमआयडीसीत आमचे थिनर मिसळण्याचे छोटे युनिट आहे. गेल्या वर्षी चाकणच्या एका ग्राहक कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी आमच्या एनसी थिनरचे (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करणाऱ्या द्रावणाचे) एमएसडीएस, म्हणजे धोक्यांची माहिती देणारे सुरक्षा पत्रक, परत पाठवले आणि सोबत एका ओळीत विचारले, "यात मिथेनॉल का दाखवलेले नाही?" त्यांच्या प्रयोगशाळेने आमचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चालवला होता आणि त्या आलेखावर मिथेनॉल स्पष्ट दिसत होते. आमच्या थिनरमध्ये टोल्युइन ५०, अॅसिटोन २०, ब्युटाइल अॅसिटेट १८ आणि मिथेनॉल १२ टक्के असते. हे आम्ही कोणापासून लपवले नव्हते, पण पत्रक बनवून देणाऱ्याने आम्हाला ते कधी विचारलेच नव्हते.

ते पहिले पत्रक आम्ही अडीच हजार रुपयांत, दोन दिवसांत, फोनवरून करून घेतले होते. परत आल्यावर पहिल्यांदाच ते नीट वाचले आणि लाज वाटली. शुद्ध टोल्युइनचे तयार पत्रक घेऊन त्यावर आमच्या मालाचे नाव चढवले होते. तिसऱ्या विभागात घटक म्हणून एकटे टोल्युइन, नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) ४ अंश आणि उत्कलनबिंदू १११ अंश, तर चौदाव्या विभागात वाहतुकीसाठी घातक मालाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक यूएन १२९४, म्हणजे तोही टोल्युइनचाच क्रमांक. थिनर हा रंगाशी संबंधित पदार्थ म्हणून यूएन १२६३ खाली जातो, हे ज्याला माहीत नाही त्याने सोळा विभागांचे पत्रक विकायला बसू नये, असे माझे मत झाले. त्या व्यक्तीचे नाव येथे देत नाही. पैसे परत मिळाले नाहीत आणि आम्हीही फार मागे लागलो नाही.

यानंतर ज्या सेवेकडे गेलो, तिच्याबद्दल हे परीक्षण आहे. कर्वे रस्त्याजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचे कार्यालय आहे आणि दोन रसायनतज्ज्ञ मिळून ते चालवतात. एका मालाचे वर्गीकरण, पत्रक आणि लेबलचा मजकूर मिळून त्यांनी बावीस हजार रुपये अधिक जीएसटी असा दर सांगितला. आधीच्या खर्चाच्या जवळजवळ नऊ पट! तरीही काम दिले, कारण पहिल्या भेटीत तिथल्या मॅडमनी दराआधी फॉर्म्युला मागितला. मी नेहमीप्रमाणे "ते आमचे व्यापारी गुपित आहे" असे सुरू केले, तेव्हा त्यांनी शांतपणे गोपनीयतेच्या कराराचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "करार हवा तर आत्ता करू, पण टक्केवारी दिल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही." टक्केवारीसोबत त्यांनी प्रत्येक कच्च्या मालाच्या पुरवठादाराचे पत्रक, सीएएस क्रमांक (रसायनाचा जगभर चालणारा ओळखक्रमांक) आणि तयार मालाचा एक लिटर नमुना मागवून घेतला.

वर्गीकरण म्हणजे नेमके काय करतात, हे मला या कामात पहिल्यांदा कळले. रसायनांचे धोके सगळ्या देशांत एकाच मापाने मोजावेत म्हणून संयुक्त राष्ट्रांनी जी पद्धत आखली, तिला सगळे जीएचएस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २००३ साली निघाली आणि तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी ती सुधारली जाते. आग, स्फोट, गंज असे भौतिक धोके एकीकडे आणि विषबाधा, त्वचेची जळजळ, कर्करोग, गर्भावरील परिणाम असे आरोग्याचे धोके दुसरीकडे, शिवाय पर्यावरणाचे धोके वेगळे, अशी तिची मांडणी आहे. प्रत्येक धोक्याला वर्ग असतो आणि वर्गात तीव्रतेच्या श्रेणी असतात. श्रेणी १ सर्वांत घातक आणि आकडा वाढेल तसा धोका कमी, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आमच्या गोदामात लावलेल्या एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या चौकटीत नेमके उलटे असते. तिथे ४ हा आकडा सर्वांत वाईट. टोल्युइनला त्या चौकटीत ज्वलनशीलतेसाठी ३ आणि जीएचएसमध्ये श्रेणी २ मिळते. आमचे स्टोअरकीपर कित्येक महिने हे दोन आकडे एकाच पट्टीवर वाचत होते.

भौतिक धोक्याचा भाग सरळ होता. ज्वलनशील द्रवासाठी फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली आणि उत्कलन ३५ अंशांच्या वर सुरू होत असेल तर श्रेणी २, तर २३ ते ६० अंशांमध्ये श्रेणी ३. आमच्या मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट त्यांनी घटकांच्या आकड्यांवरून अंदाजाने लिहिला नाही. बाहेरच्या प्रयोगशाळेत एबलच्या बंद कपात तो मोजून घेतला आणि तो शून्याच्याही खाली आला. अॅसिटोन मिश्रणात असताना दुसरे काही अपेक्षितही नव्हते. याचा साधा अर्थ असा की पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेही आमच्या उघड्या ड्रमच्या तोंडाशी ठिणगीला पुरेल इतकी वाफ जमलेली असते. याच ओघात मॅडमनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. २३ अंशांची रेघ पेट्रोलियम कायद्याच्या अ वर्गालाही लागू आहे, पण पुढे दोन्ही वाटा फुटतात. पेट्रोलियमचा ब वर्ग ६५ अंशांपर्यंत जातो आणि जीएचएसची श्रेणी ३ मात्र ६० अंशांवर थांबते. म्हणजे ६२ अंशांचा एखादा द्रव परवान्याच्या कागदावर ब वर्गात आणि लेबलवर श्रेणी ४ मध्ये येईल, आणि दोन्ही बरोबरच असतील.

आरोग्याच्या धोक्यांचा भाग वेगळा निघाला आणि माझ्या मते बावीस हजारांतले वीस हजार तिथेच वसूल झाले.

तोंडावाटे होणाऱ्या विषबाधेचे माप साधारणतः उंदरांवरील प्रयोगांतून येते. प्रति किलो वजनामागे किती मिलिग्रॅम दिल्यास निम्मे प्राणी मरतात, तो आकडा. ५० च्या वर ३०० पर्यंत श्रेणी ३ आणि ३०० च्या वर २,००० पर्यंत श्रेणी ४. मिथेनॉलचा हा आकडा ५,६०० च्या आसपास आहे, म्हणजे केवळ त्यावर विसंबले तर मिथेनॉल जवळपास निरुपद्रवी ठरते. आमच्या १२ टक्क्यांच्या हिशेबाने मिश्रणाचा आकडा पंचेचाळीस हजारांच्या वर जातो आणि पत्रकावर विषबाधेची एकही ओळ येत नाही. मॅडमनी हा हिशेब माझ्यासमोर कागदावर मांडला, त्यावर काट मारली आणि म्हणाल्या, "हा उंदराचा हिशेब झाला. तुमच्याकडे काम माणसं करतात." मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. उंदराचे शरीर त्याचा झपाट्याने निचरा करते, तर माणसाचे शरीर करू शकत नाही आणि साठलेले आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. विषारी दारूच्या घटनांमध्ये आंधळी झालेली माणसे हाच पुरावा आहेत. म्हणून माणसावरील अनुभव प्रमाण मानून मिथेनॉलला श्रेणी ३ देतात आणि मिश्रणाच्या सूत्रात त्याचा आकडा १०० धरतात. शंभराला १२ भागिले १०० ने भागले की ८३३ येतात. आमचे थिनर थेट श्रेणी ४ मध्ये गेले, म्हणजे गिळल्यास हानिकारक. शिवाय मिथेनॉल १० टक्क्यांहून अधिक असल्यामुळे अवयवांना इजा करणारा पदार्थ म्हणून श्रेणी १ लागली. ती लागली नसती तर लेबलवर डोळ्यांच्या नसेला होणाऱ्या इजेचा उल्लेखच आला नसता.

याचे महत्त्व आपत्काळात कळते. मिथेनॉलची लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. चुकून थिनर पोटात गेलेला माणूस संध्याकाळी बरा वाटून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला अंधुक दिसू लागते. रुग्णालयात पत्रक दाखवले आणि त्यात केवळ टोल्युइन असेल, तर डॉक्टर मिथेनॉलचा उतारा कशासाठी शोधतील? नव्या पत्रकाच्या चौथ्या विभागात फोमेपिझोल किंवा इथेनॉलच्या उपचाराचा उल्लेख डॉक्टरांसाठी स्वतंत्र ओळीत आहे. उलटी करवू नये, हेही ठळक आहे, कारण टोल्युइन पातळ असल्याने उलटीच्या वेळी फुप्फुसात उतरू शकते आणि त्यासाठीही वेगळा धोकावर्ग आहेच.

टोल्युइनमुळे आलेल्या बाकीच्या ओळी मी भराभर सांगतो: त्वचेची जळजळ, गर्भातील बाळाला हानी होण्याची शंका, दीर्घकाळ वाफ नाकात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम. डोळ्यांची जळजळ अॅसिटोनमुळे आली आणि गुंगीला टोल्युइन, अॅसिटोन आणि ब्युटाइल अॅसिटेट या तिघांचा हातभार लागला. यातली गर्भाविषयीची ओळ वाचल्यावर लेबल चिकटवण्याच्या टेबलावर काम करणाऱ्या आमच्या दोन भगिनींना मिश्रणाच्या शेडपासून दूर बसवले. हे पाच वर्षांपूर्वी करायला हवे होते.

आता तक्रारी. ठरलेल्या दहा दिवसांऐवजी काम तीन आठवड्यांनी मिळाले आणि फोन केला की "परवा नक्की" हे उत्तर पाठ झाले. आठव्या विभागाच्या पहिल्या मसुद्यात हवेतील टोल्युइनची मर्यादा फक्त एसीजीआयएच या अमेरिकी औद्योगिक आरोग्य संघटनेची, म्हणजे २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग), दिली होती. फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली १०० पीपीएमची मर्यादा राहून गेली होती. मी विचारल्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि कडक आकडा पाळावा असे नमूद केले, पण विचारण्याची वेळ यायला नको होती. पर्यावरणाचा बारावा विभाग मला पातळ वाटतो.

सर्वांत मोठी नाराजी मराठी लेबलबद्दल आहे. इंग्रजी मजकूर निर्दोष होता, पण मराठीत "बाष्पाचे श्वसन टाळावे" आणि "अंतर्ग्रहण झाल्यास" असे काहीतरी आले. आमच्या फिलिंगवरच्या कामगाराला ते वाचून दाखवले तेव्हा त्याने विचारले, "साहेब, अंतर्ग्रहण म्हणजे ग्रहण लागल्यावर का?" तो चेष्टा करत नव्हता. आम्ही सुपरवायझर आणि दोन कामगारांना घेऊन बसलो आणि त्या ओळी "वाफ नाकात जाऊ देऊ नका" आणि "पोटात गेल्यास उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या" अशा करून घेतल्या. त्याच बैठकीत कळले की छातीवर पांढरी चांदणी फुटलेल्या माणसाचे चित्र सगळ्यांना हृदयविकाराचे वाटत होते. हे चित्र शरीराच्या आत होणाऱ्या गंभीर हानीसाठी आहे, हे ज्वाला आणि उद्गारचिन्हाच्या चित्रांइतके उघड नाही. सेवेने लेबलसोबत चित्रांचा खुलासा करणारे एक पान द्यायला हवे होते. मॅडमनी ही सूचना वहीत लिहून घेतली आणि आठवड्याभरात असे पान पाठवले. त्याचे पैसे लावले नाहीत.

लेबलच्या कागदाचा सल्लाही त्यांचा नव्हता, तो आम्हालाच शोधावा लागला. साधे स्टिकर थिनरच्या एका ओघळाने शाई सोडते. बोहरी आळीत दोन दुकाने पालथी घातल्यावर सॉल्व्हंटला टिकणारे प्लास्टिकचे स्टिकर छापून देणारा मिळाला. दोनशे लिटरच्या ड्रमवर ते पावसाळाभर टिकले.

भारतात १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांखाली पत्रकाचा नमुना अनुसूची ९ मध्ये दिलेला आहे, तर निर्यातदार आणि मोठे ग्राहक जीएचएसची सोळा विभागांची रचना मागतात. या सेवेने सोळा विभागांचे पत्रक केले आणि अनुसूचीतली माहिती त्यातच बसवली, त्यामुळे दोन वेगळे कागद सांभाळावे लागत नाहीत. चाकणच्या त्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी नवे पत्रक एका दिवसात मान्य केले. एकच शेरा मारला होता: "फ्लॅश पॉइंटच्या चाचणीचा अहवाल जोडा." तो जोडलेलाच होता, शेवटच्या पानामागे.

ज्यांच्या मालात एकच शुद्ध रसायन आहे आणि पुरवठादाराचे पत्रक चांगले आहे, त्यांना एवढा खर्च करण्याची गरज नाही. मिश्रण विकणाऱ्यांनी मात्र कोणाकडेही जा, पण फॉर्म्युला न मागता दर सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. वेळेचे दोन आणि मराठीचा एक गुण कापून मी या सेवेला दहापैकी सात देईन. आमच्या डीग्रीझरचे (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाचे) काम आता त्यांच्याकडेच आहे. या वेळी टक्केवारी पहिल्याच दिवशी पाठवली आहे आणि मराठी मजकूर आम्ही इथेच लिहून देणार आहोत.