अकूस्टिक पॅनेल जरूर घ्या, पण छताला चिकटवून घेऊ नका

श्रावणातल्या एका रविवारी, आमच्या खानावळीत ऐन जेवणाच्या गर्दीत, आवाज शोषायला छताला चिकटवलेलं एक पॅनेल सुटलं आणि पाच नंबरच्या टेबलावरचे ताकाचे ग्लास आडवे करत पडलं. 12 मिमीचा पीईटी फेल्ट (प्लॅस्टिकच्या धाग्यांचा दाबून केलेला जाड नमदा), 4 बाय 2 फूट, वजन जेमतेम दोन किलो, म्हणून कुणाला लागलं नाही. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणतो, "साहेब, वॉरंटी पॅनेलला आहे, गोंदाला नाही." जे पॅनेल छताला टिकत नाही त्याच्या वॉरंटीचं काय लोणचं घालू?

आमचा हॉल 30 बाय 20 फूट, उंची 11. खाली टाइल्स, वर पीओपी, ग्रॅनाइटची टेबलं, समोर काच. मऊ म्हणावं असं गिऱ्हाइकांच्या कपड्यांखेरीज काही नाही, त्यात स्टीलची ताटं. आवाज विरायला किती सेकंद लागतात ते सांगणारं सेबिनचं सूत्र फुटांत असं: 0.049 गुणिले घनफळ, भागिले शोषण. आमचं घनफळ 6,600 घनफूट. शोषण सव्वादोनशेच्या आसपास धरलं तर आवाज विरायला जवळजवळ दीड सेकंद. हा वेळ त्याच्या निम्मा असला तर माणसं धड बोलू शकतात. नाहीतर एका टेबलाचा आवाज चढतो, त्यावर आपलं ऐकू यावं म्हणून दुसऱ्याचा चढतो. एतिएन लोंबार या कानाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे नोंदवलं, म्हणून लोंबार परिणाम. गल्ल्यावर बसून तीन वाजेपर्यंत माझं डोकं उठायचं.

उन्हाळ्यात 320 चौरस फूट पॅनेल छताला चिकटवले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी दोन दिले असते. ताटावाट्यांचा खणखणाट बोथट झाला हे खरं, पण बोलण्याचा घुमारा तसाच. ब्रोशरवरचा 0.8 एनआरसी (पॅनेल आवाज किती शोषतं याचा आकडा) पॅनेलमागे पोकळी ठेवून मोजलेला होता, आणि ते खाली बारीक अक्षरात छापलेलं. पातळ फेल्ट थेट पीओपीला चिकटवला की तो वरच्या पट्टीचे आवाज तेवढे शोषतो. खालच्या पट्टीच्या लाटा लांब. कठीण पृष्ठभागाला लागून हवा हलतच नाही, तर फेल्ट अडवणार काय? हे त्या कॉन्ट्रॅक्टरला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. टांगायला वेळ लागतो, गोंदाने एका दिवसात काम उरकतं, एवढंच.

पॅनेल पडल्यावर वैतागून सगळेच उतरवले. दोन काढतानाच फाटले. बाकीचे ओळखीच्या फॉल्स सीलिंगवाल्याकडून छतापासून चार इंच खाली तारांवर टांगून घेतले. मजुरी आधीच्या बिलाच्या पाव भागही नाही. आणि काय फरक! पॅनेल तेच, हॉल तोच, पण आता दोन्ही बाजूंनी शोषतात. मोबाइलचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, तरी तुलनेपुरतं चालतं: रविवारी दुपारी 84-85 डेसिबल दाखवायचं, आता 78-79. खोलीचं शोषण दुप्पट झालं की 3 डेसिबल उतरतात. त्याहून जास्तीचे उतरले ते लोकच हळू बोलू लागल्यामुळे. आता पाचपैकी चार. एक गोंदापायी कापला.

स्वस्त पडतो म्हणून अंड्याच्या ट्रेसारखा फोम सुचवणारे भेटतील. त्यांना चहाही देऊ नका. 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये स्टेजभोवती फोम लावलेला होता; आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेटला आणि 100 माणसं गेली. पीईटी घेतानाही आगीच्या चाचणीचा कागद मागून घ्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचे पॅनेल फोडणीच्या धुराने पिवळे पडलेत. व्हॅक्यूमने धूळ निघते, तेल निघत नाही. वरून रंग मारू नका, छिद्रं बुजली की कामच संपलं. मिक्सर आणि मोरीतल्या भांड्यांच्या आवाजाला यांचा उपयोग नाही, तो खिडकीतून थेट येतो; तिथे दारच हवं. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची तक्रारही कायम आहे. हे पॅनेल खोलीतला आवाज शोषतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत.

कॉन्ट्रॅक्टरने शेवटी तडजोड म्हणून गोंदाच्या दोन ट्यूब पाठवल्या. गल्ल्यामागच्या कपाटाचा सनमायका निघाला होता, तो त्या गोंदाने बसवला. तिथे मात्र घट्ट धरलंय.