चीनहून मोल्ड मागवून देणारे एजंट: अंबड-सातपूरवाल्यांना परवडतात का?

इंजेक्शन मोल्ड (वितळलेलं प्लास्टिक दाबून वस्तू काढायचा साचा) अंबडच्या टूलरूममध्ये (साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) करून घ्यायचा की एजंटामार्फत चीनमधल्या डोंगगुआन, हुआंगयानहून आणायचा, हा प्रश्न आता नाशिकच्या छोट्या कारखान्यांनाही पडतो. कोटेशन, ड्रॉइंगची देवघेव, ट्रायलचे नमुने, जहाज, कस्टम हे सगळं एजंट बघतो. सेवा वाईट नाही. फक्त कोटेशनवरचा आकडा शेवटचा समजू नये.

तिथे स्वस्त पडतं ते मजुरीमुळे, असं बहुतेक जण धरून चालतात. शर्ट शिवण्याचं काम बांगलादेशात गेलं ते मजुरीमुळेच, पण मोल्डचं गणित निराळं आहे. डोंगगुआनच्या जुन्या टूलमेकरचा पगार अंबडच्या फिटरपेक्षा जास्तच असतो. त्याच्या हाताशी मात्र सगळं असतं. मोल्ड बेस (साच्याची चौकट) तयार मिळतो, ७१८एच हे मोल्डचं स्टील मापात कापून येतं, स्पार्क (ठिणगीने स्टील कोरणारे), पॉलिश, टेक्स्चरवाले (पृष्ठभागावर पोत उठवणारे) त्याच परिसरात, आणि निर्यातीवर व्हॅट परत मिळतो. इथे एका टेक्स्चरसाठी जॉब गावाबाहेर पाठवला की जाण्यायेण्यातच दिवस मोडतात.

किंमत न्हावाशेवाला उतरल्यावर मोजावी. माल, जहाजभाडं आणि विमा यांच्या बेरजेवर कस्टम ड्युटी, ड्युटीवर अधिभार, आणि त्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसे अडकतात. त्यातून तिकडे आधी ३०-५० टक्के ॲडव्हान्स आणि बाकी बहुधा माल निघण्याआधी. अंबडचा टूलरूमवाला ओळखीवर दोन महिने थांबतो. ही उधारी कोटेशनच्या तुलनेत कोणी धरत नाही, आणि खरी चूक तिथेच होते.

ऑर्डर देताना काही गोष्टी लेखी घ्याव्यात. लोकेटिंग रिंगचा (मोल्ड मशीनवर मध्यभागी बसवणाऱ्या कडीचा) व्यास आणि टाय-बारमधलं (मशीनच्या दांड्यांमधलं) अंतर आपल्या मशीनचं द्यावं. कूलिंगच्या पाण्याच्या जोडाचे आटे बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) हवेत असं स्पष्ट लिहावं. अमेरिकेला माल पाठवणारे कारखाने सवयीने एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) काढतात. पाव इंचात एनपीटीला इंचाला १८ आटे आणि बीएसपीला १९, त्यामुळे निपल (नळी जोडायचा तुकडा) दोन फेरे बसतो आणि मग गळतो. हॉट रनर (मोल्डमधली प्लास्टिकची तापती वाट) असेल तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) 'जे' प्रकारचा की 'के' प्रकारचा, तेही विचारावं. इलेक्ट्रोड (स्पार्कने कोरायचे ठसे) आणि थ्रीडी फाइल मोल्डबरोबरच मागावी, नाहीतर पुढे दुरुस्ती अंधारात.

सगळ्यात महाग पडते ती श्रिंकेजची (प्लास्टिक थंड होताना आकसण्याची) चूक. साध्या पीपीला (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकला) साधारण १.५ टक्के आकुंचन धरतात, २० टक्के टाल्क (खनिज भुकटी) भरलेल्याला १ टक्क्याच्या आसपास. २०० मिमीच्या पार्टवर हा फरक १ मिमीचा. तिकडची ट्रायल त्यांच्या मटेरियलवर होते, म्हणून आपल्या ग्रेडची डेटाशीट ऑर्डरसोबतच जावी आणि ट्रायल त्याच प्रकारच्या मटेरियलवर घ्यायला लावावी.

माल आल्यावर हार्डनेस टेस्टर लावून पाहावं. ७१८एच ३३ ते ३८ एचआरसीच्या (कठीणपणाच्या रॉकवेल मापाच्या) दरम्यान हवं. फार कमी आलं तर स्टील बदललंय असं समजून सर्टिफिकेटचा जाब विचारावा. पावसाळ्यात निघणाऱ्या मालाला अँटीरस्ट स्प्रे आणि व्हॅक्यूम पॅकिंग आग्रहाने सांगावं. लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का नसेल तर बंदरातच खोळंबा.

खुर्ची, डबा, बादली यांसारख्या डिझाइन गोठलेल्या मोठ्या मोल्डसाठी ही सेवा बिनधास्त घ्यावी. गाडीच्या पार्टला घेऊ नये. तिथे ग्राहक ट्रायलनंतरही रिब (आधाराची पट्टी) हलवतो, बॉस (स्क्रूसाठीचा उंचवटा) वाढवतो, आणि तो बदल शेवटी अंबडमध्येच होतो. परक्या स्टीलवर प्रीहीट न करता वेल्डिंग मारलं की तडा जातो, आणि त्याची जबाबदारी एजंटही घेत नाही, टूलरूमही नाही. पाचपैकी तीन गुण. विक्रीनंतरच्या दुरुस्तीची लेखी हमी देणारा एजंट मिळाला, तर चार.